धुतलेला रुपया

हणमंतरावांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं नसतं, तर बिचारे सुखात मेले असते. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

गौलीगुड्यात आम्ही एकाच घरात राहतो. ते वर, मी खाली. मधला स्लॅब ठेकेदारानं इतका पातळ टाकलाय की वर नवरा-बायको कुजबुजले तरी मला कान टवकारावे लागत नाहीत. त्यांचे आजोबा भालकीकडचे शेतकरी, वडिलांनी शेत विकून शहर धरलं, आणि हणमंतराव वीज खात्यात मीटर वाचता वाचता निवृत्त झाले. उरलेल्या वेळात नाणी जमवली. नाणी काय, पुष्कळ लोक जमवतात. यांचं नाव होतं ते नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, सांगण्याबद्दल.

जामबागेत आमच्या मंडळाची एक खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथे नाणेवाले जमतात. माझ्याकडे नाणं एकही नाही. मी चहाला जातो, आणि चहाबरोबर जे कानावर पडतं त्याला. खिडकीशी हणमंतरावांची खुर्ची, समोर काळ्या मखमलीचा तुकडा. तुम्ही आपलं नाणं मखमलीवर ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. ते दोन बोटांनी काठाला धरून उचलायचे. नाण्याच्या तोंडाला कुणी बोट लावलं तर अंगावर पाल पडल्यासारखे ओरडायचे. मग उजेडात हळूहळू कलतं करायचे. टांकसाळीतून निघून कुणाच्या खिशात न गेलेलं नाणं असेल, तर उजेड त्याच्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. खिशाखिशातून हिंडलेलं असेल, तर त्याचे उंच भाग आधी झिजतात. आमच्या निजामी रुपयावर चारमिनार आहे; त्यात मिनारांचे शेंडे पहिले जातात, कमानी मागून. एवढं पाहून हणमंतराव प्रत सांगणार. सगळ्यात वरची ‘अनसर्क्युलेटेड’, मग ‘एक्स्ट्रा फाइन’, अशा उतरत उतरत ‘गुड’ला आलात की जवळजवळ तळ गाठलात. कुकटपल्लीची एक बाई ‘गुड’ ऐकून पुढच्या रविवारी पेढे घेऊन आली होती. हणमंतरावांनी आधी पेढा खाल्ला आणि मग तिला अर्थ सांगितला.

या सगळ्या प्रतींच्या बाहेर, जातीबाहेर टाकल्यासारखं, आणखी एक नाणं असतं. धुतलेलं. घासून लख्ख केलेलं नाणं अडाण्याला नवंकोरं वाटतं. पण उजेडात फिरवलं की आरे फिरत नाहीत, नुसती एक मुर्दाड चमक; आणि भिंगाखाली धरलं की अंगभर केसासारखे ओरखडे. ते जन्मात जात नाहीत. मग त्या नाण्याला चांदीच्या वजनापलीकडे कुणी विचारत नाही.

त्रिवेणीबाई म्हणून एक शिक्षिका होत्या. नवरा वारला तेव्हा त्याचा नाण्यांचा डबा घेऊन आल्या. हणमंतरावांनी एकेक नाणं उचललं, ठेवलं. शेवटी डब्याला झाकण लावून म्हणाले, “सगळी धुतलेली. तुमच्या यजमानांनी जन्मभर भांडी घासली म्हणायची, बाई.” त्या जिन्यात जाऊन रडल्या. वर हणमंतरावांनी दुसरा चहा मागवला. मी खाली जाऊन बाईंना पाणी दिलं, आणि आणखी कुणाकुणाला ती नाणी दाखवलीत तेही विचारून घेतलं.

माणसांनाही हाच हिशेब. मुलगा शिवराज पुण्याची मुलगी करून आला, पल्लवी, कंप्युटरवाली. लग्नात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “व्हेरी फाइन आहे. पण नाकाचा शेंडा जरा झिजलेला वाटतो.” मी ते पल्लवीला सांगितलं. सांगू नये असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या माणसानं जन्मात कधी जाणूनबुजून खोटी प्रत सांगितली नाही. सख्ख्या भावाचं नाणं त्यांनी भावाच्या देखत बाजूला सारलं. भाऊ पुन्हा दारात आला नाही. “हणमंतरावांनी सांगितलं” म्हटलं की सिकंदराबादेतले व्यापारीसुद्धा भिंग खिशात ठेवत. हुद्दा नव्हता, जमीन गेलेली, मुलगा सासऱ्याच्या सल्ल्यानं चालणारा. या माणसाकडे एवढीच चीज होती: नजर, आणि त्या नजरेवर बेतलेला शब्द.

आता गंगूवहिनी. त्यांचं माहेर उदगीरकडचं. लग्नात मी वऱ्हाडी होतो, म्हणून पुढचं ऐकीव नाही. सासऱ्यांनी जावयाच्या तळहातावर चारमिनारचा चांदीचा रुपया ठेवला. घरात तेवढा एकच होता. काळा पडलेला जावयाला कसा द्यायचा म्हणून म्हाताऱ्यानं तो रिठ्याच्या पाण्यात भिजवून, चुलीतल्या राखेनं घासून आणला होता. मुंडावळ्या बाजूला सारून हणमंतरावांनी रुपया बत्तीच्या उजेडात फिरवला, आणि भरल्या मांडवात म्हणाले, “धुतला होय? वाटोळं केलंत मामंजी! आता हा सोनाराच्या कामाचा.” लोक हसले. मीही हसलो, मांडवात हसायचंच असतं. म्हातारा हात जोडून म्हणाला, “चुकलं जावईबापू. आमाला काय कळतंय.” नवरीनं मान वर केली नाही. तेवढा रुपया उचलून पदराच्या गाठीला बांधला.

त्यानंतर वहिनींनी नाण्यांबद्दल कधी शब्द काढला नाही. चांगला संसार केला. हणमंतरावांना वाटलं, विसरली.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळात शशिकांत आला. हाही पुण्याचाच, औषधांच्या कंपनीत मोठा साहेब, बोलायला असा गोड की चहात साखर घालायला विसरलं तरी चालावं. त्याच्याकडे चारमिनारचा एक रुपया होता. तो मखमलीवर ठेवला, आणि हणमंतराव नुसते बघत राहिले. आरे फिरत होते. सगळे शेंडे जागच्या जागी. काठाशी फक्त एक खोच, टांकसाळीच्या पोत्यात दुसऱ्या नाण्याचा काठ लागून पडलेली. “ही त्याची जन्मखूण,” हणमंतराव म्हणाले. आवाज असा, जणू पहिलं नातवंड हातात दिलंय. त्या एका रुपयाच्या बदल्यात त्यांनी अर्ध्या आयुष्यात जमवलेला नाण्यांचा अख्खा ट्रे शशिकांतला दिला. सौदा चोख होता. तेव्हा त्यांचे डोळे शाबूत होते, आणि रुपया खरोखर अनसर्क्युलेटेड होता. हे लक्षात ठेवा.

मग डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढायला लागला. ते कुणाला बोलले नाहीत. मी ओळखलं, कारण एकदा त्यांनी माझ्या बशीशेजारी टेबलावर चहा ओतला आणि बशी हलवल्याबद्दल मला झापलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर, “कैकू? मला मुंगीचा पाय दिसतो.” डोळे गेल्याचं एकदा बाहेर फुटलं, तर खिडकीची खुर्ची गेली आणि शब्दही गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मंडळात काय झालं, ऐका. धूसर डोळ्यांना ओरखडे दिसत नाहीत. तेव्हा हणमंतराव उदार झाले. ज्याला पूर्वी ‘फाइन’सुद्धा दिलं नसतं त्याला ‘एक्स्ट्रा फाइन’ मिळायला लागलं. लोक म्हणाले, म्हातारपणी माया आली. काही महिन्यांत मायेचं कारण सगळ्यांच्या ध्यानात आलं, आणि रविवारची गर्दी वाढली. घरातला गाळ आणायचा, हणमंतरावांच्या तोंडून प्रत घ्यायची, आणि व्यापाऱ्याला सांगायचं: हणमंतरावांनी सांगितलं. भजी कुणीतरी आणायचं. सगळ्यात मोठा पुडा शशिकांतचा असे.

आणि घरी दिवाळी यायची. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी देवीपुढे मांडायची, त्यात शशिकांतकडून घेतलेला रुपया आलाच. हणमंतराव तो प्लास्टिकच्या गोल डबीसकट वहिनींच्या हातात द्यायचे. “उघडू नकोस.” मग तेल लावून अंघोळीला जायचे. संध्याकाळी समईच्या उजेडात म्हणायचे, “बघा! दिवाळीला कसा खुलतो माझा रुपया!” मी तिथेच असायचो, करंजी खात. वहिनी म्हणायच्या, “होय की. लई खुललाय.”

यंदा दिवाळी झाल्यावर पल्लवीनं हट्ट धरला. पोरगी मनानं चांगली आहे; नाकाच्या शेंड्याचं ऐकूनसुद्धा सासऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. हिरवी पट्टी निघाली आणि हणमंतराव घरी आले, ते चपला न काढता कपाटाशी गेले. डबी काढली. खिडकीशी नेली.

मला खाली त्यांची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं वहिनी गेल्या.

वर गेलो तर रुपया हातात धरून ते खिडकीशी उभे होते. आरे नाहीत. मुर्दाड चमक. अंगभर ओरखडे. “बदलला!” ते म्हणाले. “माझा रुपया बदलला! त्या हरामखोर शशिकांतनं मंडळाच्या प्रदर्शनाच्या वेळी फोटो काढायला घरी नेला होता. तेव्हा बदलला!” वहिनी शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

रविवारी मंडळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोन-तीन लोकांना कळवलं होतं, त्यांनी बाकीच्यांना. हणमंतरावांनी रुपया मखमलीवर आपटला. काठाला धरूनसुद्धा नाही, आपटलाच. “शशिकांत, माझा रुपया परत करा. हा धुतलेला मला कशाला चिकटवला?”

शशिकांतनं आवाज चढवला नाही. “काका, आधी बसा. मी हे नाणं तुम्हाला दिलं, त्या दिवशीचा फोटो आहे माझ्याकडे.” त्यानं मोबाईल पुढे केला. “ही काठाजवळची खोच. तुमची ती जन्मखूण. आता हातातला बघा.”

हणमंतरावांनी भिंग लावलं. खोच तिथेच होती. तोच कोन, तीच खोली. जगात दुसऱ्या रुपयाला ती असणं शक्य नव्हतं, आणि हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

“म्हणजे रुपया तोच,” शशिकांत म्हणाला. “धुतलाय मात्र नक्की. आणि एकदा नाही, बऱ्याचदा. आता मला एवढंच सांगा काका, गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनात तुम्ही स्वतः याच्यापुढे ‘अनसर्क्युलेटेड’ लिहून ठेवलंत. तेव्हा तुम्हाला दिसत होतं ना?”

कुणीतरी फस्सकन हसलं. मी नव्हतो. हणमंतराव रुपया खिशात घालून निघाले. मागून शशिकांत म्हणाला, “पुढच्या रविवारी येतो मी, काका. चोर म्हणालात, त्याचं काय ते बोलू.”

घरी जाताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. म्हणून मीही त्यांच्यामागून वर गेलो. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये.

“गंगू, हा रुपया कुणी धुतला?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “दर दिवाळीला. रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, उदबत्तीच्या राखेनं घासायचा. तुमची अंघोळ होईस्तवर वाळतो की.”

“तुला ठाऊक नव्हतं काय होतं त्यानं?”

“ठाऊक नसायला काय झालं? जन्मभर तेच तर ऐकतेय. ह्याचा धुतला, त्याचा धुतला.”

“मग का? का धुतलास?”

“माझ्या बापानं का धुतला होता?”

हणमंतराव खाली बसले. मला खुर्ची दिली नाही कुणी, पण मीही बसलो.

“पहिल्या दिवाळीला मला वाटलं, संध्याकाळी डबी बघून हा माणूस घर डोक्यावर घेणार,” वहिनी शांतपणे सांगत होत्या. “मी तयार होते. भांडायचं काय ते पाठ करून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, कसा खुललाय. तवाच कळलं मला, तुमचे डोळे गेले.”

“आणि बोलली नाहीस? दवाखान्यात न्यायला सांगितलं नाहीस?”

“तुमच्या नजरेतून काय सुटत नाही म्हणत होतात ना? मी कोण सांगणार?” मग माझ्याकडे वळून, “भावजी, चहा घेणार?”

घेतला. चांगला झाला होता.

पुढचा रविवार यायचा होता. हणमंतरावांपुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही घाण होत्या. बायकोनं धुतला म्हणावं, तर इतक्या दिवाळ्या तुम्हाला दिसला कसा नाही, हा पुढचा प्रश्न. म्हणजे डोळे गेल्याची कबुली. म्हणजे त्या वर्षांत त्यांनी सांगितलेली प्रत्येक प्रत कचऱ्यात, आणि सिकंदराबादेपर्यंत बोंब. नाहीतर मग धुतल्याचं पाप स्वतःवर घ्यायचं.

रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. उभ्यानंच म्हणाले, “रुपया मी धुतला. यंदाच्या दिवाळीला. प्रदर्शनात होता तेव्हा तो अनसर्क्युलेटेडच होता. मी बघूनच लिहिलं होतं. शशिकांतराव, तुम्हाला बोललो, माफी असावी.”

धुतल्याबद्दल ज्यानं विधवेला जिन्यात रडायला लावलं, तो माणूस स्वतःला धुणारा म्हणवून घेत होता. का, तर डोळे चांगले होते हे शाबूत राहावं म्हणून. मला खरंच वाईट वाटलं असतं, पण शशिकांतचा हात खिशात गेला होता, आणि मला ते चुकवायचं नव्हतं.

“माफी कसली, काका. विषय संपला.” त्यानं एक नाणं काढून मखमलीवर ठेवलं. “फक्त हे एकदा बघा. मागच्या वर्षी तुम्ही याला एक्स्ट्रा फाइन दिलं होतं. विकायचंय, म्हणून पुन्हा तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं.”

हणमंतरावांनी काठाला धरून नाणं उचललं. उजेडात कलतं केलं. मी बाजूलाच उभा होतो, आणि ज्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही अशा मलासुद्धा दिसत होतं, मिनार पार बोथट झालेले, अंग खरवडलेलं. नव्या डोळ्यांना तर काय काय दिसलं असेल. खरी प्रत सांगावी, तर मागच्या वर्षी आंधळे होते, हे सिद्ध. खोटी सांगावी, तर जन्मातली पहिली.

शशिकांत गोड हसत होता. “बोला काका.”

“एक्स्ट्रा फाइन,” हणमंतराव म्हणाले.

“थँक्यू काका!” आणि टाळ्या. खरंच टाळ्या वाजवल्या लोकांनी.

तेव्हापासून जामबागेत रविवार कुणी चुकवत नाही. त्या धूसर वर्षांतलं एकेक नाणं लोक हुडकून आणतात आणि मखमलीवर ठेवतात. पूर्वी फायद्यासाठी आणायचे. आता सिकंदराबादेत त्या शब्दाला कुणी विचारत नाही, तरी आणतात. नुसती मजा. “हे काय दिलं होतं काका?” आणि ज्याला आता मुंगीचा पायच काय, मुंगीची सावलीही दिसते, तो माणूस गाळाकडे टक लावून ‘व्हेरी फाइन’ म्हणतो. यायचं बंद करावं, तर लोक म्हणणार, घाबरला. म्हणून येतात. त्रिवेणीबाईसुद्धा एकदा आल्या. नाणं आणलं नव्हतं. पुढच्या बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, आणि शेवटपर्यंत बसल्या.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी गंगूवहिनी आल्या. मंडळाचा जिना त्या पहिल्यांदाच चढत होत्या. गर्दीनं वाट दिली. पदराची गाठ सोडून त्यांनी एक रुपया काढला आणि काळ्या मखमलीवर ठेवला. मी लगेच ओळखला. मांडवातला.

“सांगा,” वहिनी म्हणाल्या.

हणमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. मग रुपया उचलला, दोन बोटांनी, काठाला धरून, हळूहळू फिरवला. इतका वेळ त्यांनी शशिकांतच्या रुपयालासुद्धा दिला नव्हता.

“अनसर्क्युलेटेड,” ते म्हणाले.

सगळी खोली खदखदून हसली. शशिकांतला तर ठसका लागला. वहिनींनी रुपया घेतला, पुन्हा गाठ मारली आणि निघाल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“वहिनी, झालं ना मनासारखं? अख्ख्या मंडळासमोर वडिलांच्या रुपयाला पहिली प्रत मिळाली.”

त्या थांबल्या. कठड्याला धरून एक पायरी उतरल्या, मग दुसरी.

“कसली प्रत, भावजी? खोटं बोलले ते. धुतलेलाच हाय त्यो. मला काय दिसत न्हाई होय?”